मनातील तबकडी

म्हैसूर शहरात, राजवाड्यापासून जवळच, नगरभवनासमोर एक उंच मनोरा उभा आहे. स्थानिक लोक त्यास 'दोड्ड गडियार' म्हणजे मोठे घड्याळ म्हणतात. नाल्वडी कृष्णराज वडियार ह्यांनी राज्यकारभार हाती घेतल्यास २५ वर्षे पूर्ण झाली, त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून १९२७ मध्ये हा मनोरा उभारण्यात आला. त्याची उंची सुमारे ७५ फूट आहे. देवराज बाजाराजवळ दुसरा एक मनोरा आहे. तो 'चिक्क गडियार', म्हणजे लहान घड्याळ. मोठ्या घड्याळाच्या तबकडीवरील आकडे कानडी लिपीतील आहेत. त्यामुळे ह्या मनोऱ्यापाशी एक गंमत पाहावयास मिळू शकते. महाराष्ट्रातून दसऱ्याचा सोहळा पाहण्यास आलेल्या माणसास कानडी आकड्यांपैकी एखाददुसरा ओळखता आला तरी पुष्कळ. परंतु मान वर करून तबकडीकडे पाहताच त्यास किती वाजले ते कळते. आकडे वाचता येत नाहीत, पण वेळ वाचता येते.

ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. घड्याळ वाचणे म्हणजे आकडे वाचणे अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि शाळेत घड्याळ शिकविले जाते तेही बहुधा ह्याच समजुतीने. वस्तुतः प्रौढ मनुष्य काट्यांची दिशा व त्यांच्यामधील कोन पाहतो. कित्येक मनगटी घड्याळांवर आकडे नसतात, बारा ठिकाणी केवळ बारा रेघा असतात. त्यावाचून कोणाचेही अडत नाही. तबकडी हे एक चित्र आहे. ते एकदा मनात ठसले की समोर घड्याळ नसतानाही मनुष्य त्याचा उपयोग करीत राहतो.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ ह्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग ह्या बाबतीत प्रसिद्ध आहेत. त्यांनी लोकांना दोन वेळा आकड्यांत सांगितल्या आणि विचारले, की घड्याळाचे काटे कोणत्या वेळी एकमेकांशी लहान कोन करतील? समोर घड्याळ नव्हते. हा प्रयोग वाचकास स्वतःवरही करून पाहता येईल. सव्वाचार आणि साडेदहा ह्यांपैकी लहान कोन कोणता, ह्याचे उत्तर चटकन येते. कारण पहिला कोन साडेसदतीस अंशांचा आणि दुसरा १३५ अंशांचा आहे. परंतु सव्वाचार आणि दहाला पाच कमी ह्यांची तुलना करू लागताच मन घुटमळते, कारण तेथे फरक केवळ पाच अंशांचा आहे. पेव्हिओ ह्यांना हेच आढळले. कोनांतील फरक जितका कमी, तितका उत्तरास विलंब अधिक. मनातल्या मनात गणित करणाऱ्यास पाच अंशांचा फरक काय आणि शंभर अंशांचा काय, वजाबाकी सारखीच करावी लागते. विलंब वाढतो ह्याचा अर्थ असा, की मनुष्य गणित करीत नसून मनातील तबकडीकडे पाहत असतो आणि जवळजवळचे दोन कोन त्यास डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणेच सहज वेगळे करता येत नाहीत.

त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे, १८८० मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनी काही लोकांच्या मनात अंकांची ठराविक आकृती असते हे दाखवून दिले होते. कोणास अंक एका रेषेत दिसत, कोणास वळणावळणाच्या वाटेवर. त्यांतील कित्येक आकृत्यांत एकपासून बारापर्यंतचे अंक घड्याळाच्या तबकडीप्रमाणे वाकलेले होते. लहानपणी पाहिलेले घड्याळ मोठेपणी अंकांनाही आपला आकार देऊन गेले होते.

वैद्यकातही ह्या चित्राचा उपयोग होतो. वृद्धापकाळी स्मृती व विचारशक्ती ढासळू लागली आहे की काय, हे पाहण्यासाठी रुग्णास कोऱ्या कागदावर घड्याळ काढावयास सांगतात आणि अकरा वाजून दहा मिनिटे ही वेळ दाखवावयास लावतात. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. 'दहा' हा शब्द ऐकून मिनिटकाटा दहाच्या आकड्याकडे नेण्याचा मोह होतो. निरोगी मनुष्य तो आवरून काटा दोनकडे नेतो, रोगग्रस्तास ते पुष्कळदा साधत नाही. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेले काही रुग्ण तर बाराही आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीने बसवितात, आणि डावा अर्धा भाग मोकळा राहिला ह्याची त्यांना जाणीवही नसते. एका साध्या वर्तुळात मनाचा एवढा व्यवहार गुंतलेला आहे.

तथापि हे चित्र जन्मजात नव्हे. तबकडीपूर्वीही मनुष्यास वेळ कळत होती. ती त्याने प्रथम आकाशात पाहिली आणि नंतर कानांनी ऐकली. 'दिवस कासराभर वर आला' असे शेतकरी म्हणतो, तेव्हा बैलाच्या कासऱ्याची लांबी तो क्षितिजापासून आकाशात मोजीत असतो. दिवेलागण, तिन्हीसांज, झुंजूमुंजू ह्या शब्दांत कोठेही आकडा नाही. पुढे घटिकापात्र आले. पाण्यावर तरंगणारे सच्छिद्र पात्र २४ मिनिटांत भरून बुडे आणि पहारेकरी टोला देई. त्या टोल्याचा नाद भाषेत अजून घुमतो आहे. मराठीत 'किती वाजले?' असे विचारतात, कानडीत 'एष्टु गंटे?' म्हणजे 'किती घंटा?' असे विचारतात. दोन्ही प्रश्न डोळ्यांचे नसून कानांचे आहेत. विसाव्या शतकात नभोवाणीने ही श्राव्य वेळ पुन्हा घरोघरी नेली. ह्या संदर्भात म्हैसूरचे एक ऋण सांगण्याजोगे आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तेथील प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी एक नभोवाणी केंद्र उभारले आणि त्यास 'आकाशवाणी' हे नाव लाभले. तेच नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.

तबकडी आली ती ह्या जुन्या चित्रांवर बसली, आणि ती तंतोतंत बसली असे मात्र नाही. माध्यान्हीचा सूर्य आणि घड्याळातील बारा ह्यांचा मेळ म्हैसूरमध्ये बसत नाही. भारताची प्रमाणवेळ, जी १९०६ पासून लागू झाली, साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. म्हैसूर त्याच्या पश्चिमेस सुमारे सहा अंशांवर आहे. म्हणून तेथे सरासरीने बारा वाजून तेवीस मिनिटांनी माध्यान्ह होते. मुंबईत हा फरक सुमारे ३९ मिनिटांचा आहे, आणि मुंबईकरांनी आपली निराळी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नव्हती. काट्यांच्या फिरण्याची दिशाही अशीच उसनी आहे. ती उत्तरेकडील देशांतील सावलीची दिशा होय. म्हैसूरमध्ये एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो, आणि त्या दिवसांत उभ्या काठीची सावली दुपारच्या सुमारास घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. शाळेच्या अंगणात एक काठी रोवून मुलांना हे सहज दाखविता येईल.

आता भाषेकडे वळावे, कारण ह्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. म्हैसूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी भाषक कुटुंबे आहेत. भावसार क्षत्रिय समाजाची घरे त्यांत प्रमुख होत. अशा घरातील मूल घरात मराठी आणि रस्त्यावर कानडी बोलते. तबकडीवर मिनिटकाटा नवावर व तासकाटा पाचाच्या किंचित अलीकडे असता ते घरात 'पावणेपाच' म्हणते आणि बाहेर 'नाल्कू मुक्कालु' म्हणते. 'मुक्कालु' म्हणजे तीन पाव. एका भाषेत पाचात पाव कमी आणि दुसऱ्या भाषेत चार व वर पाऊण. काटे तेच, वेळ तीच. परंतु मराठी शब्द यावयाच्या तासाकडे तोंड करून उभा आहे आणि कानडी शब्द गेलेल्या तासाकडे. सव्वा आणि साडे ह्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा एकमताने चालतात. 'नाल्कूकालु' म्हणजे सव्वाचार, 'नाल्कूवरे' म्हणजे साडेचार.

ह्यावरून मराठी मनुष्य आणि कानडी मनुष्य वेळेविषयी निरनिराळा विचार करतात असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. दोघेही गाडी सारखीच चुकवितात. परंतु शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने एक फरक खरा आहे. तबकडीवर पावणेपाच वाजले असता तासकाटा पाचाला जवळजवळ टेकलेला असतो. घड्याळ नव्याने शिकणारी मुले ह्या ठिकाणी हमखास फसतात. त्यांना पाच दिसतो, आणि ती 'पाच पंचेचाळीस' असे सांगतात. 'पावणेपाच' ह्या शब्दात मात्र पाचच आहे. काटा जे दाखवितो तेच शब्द म्हणतो: पाच आलेच, थोडे उणे आहे. येथे भाषा आणि चित्र हातात हात घालून चालतात. उलटपक्षी डिजिटल घड्याळावर चार हा अंक आणि त्यापुढे पंचेचाळीस असे उमटते, तेव्हा कानडी शब्द त्याच्याशी सरळ जुळतो आणि मराठी मुलास मात्र चाराचे पाच करावे लागतात. दोन भाषांनी आपापल्या परीने दोन निरनिराळ्या यंत्रांची सोय आधीच करून ठेवली आहे, असे गमतीने म्हणता येईल.

मराठीतील हे अपूर्णांकवाचक शब्द फार जुने आहेत. पावणे हा 'पादोन' पासून, सव्वा 'सपाद' पासून, साडे 'सार्ध' पासून आला. अडीच हा शब्द 'अर्धतृतीय' पासून आला, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे असा. जर्मन भाषेत अडीच वाजले असता 'अर्धे तीन' अशाच अर्थाचा शब्दप्रयोग करतात. ह्याच पठडीतला 'औट' हा साडेतीनचा वाचक शब्द एकेकाळी मराठीत सर्रास चाले. आज तो 'औटघटकेचे राज्य' ह्या वाक्प्रचारात तेवढा उरला आहे, आणि तो वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे राज्य हिशेबाने ८४ मिनिटांचे आहे हे ठाऊक असते.

औट का गेला, ह्याचा विचार करण्याजोगा आहे. पूर्वीच्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी मुखोद्गत करून घेत. सोळा आण्यांच्या रुपयास आणि शेर-पावशेराच्या मापास ती आवश्यक होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यामागून दशमान मापे आली, आणि ह्या कोष्टकांचा आधार सुटला. ह्यात शोक करण्यासारखे काही नाही. दशमान पद्धतीने देशाचे पुष्कळ श्रम वाचविले. परंतु कोष्टके गेली तरी शब्द सर्वस्वी गेले नाहीत. भाजीबाजारात पाव किलो आणि दीड किलो राहिले, आणि घड्याळात सव्वा, साडे, पावणे राहिले. त्यांतही बाजारात पावणे फारसे लागत नाही. त्याचा खरा मुक्काम घड्याळातच आहे. बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली असता 'पाऊण वाजला' असे म्हणणारा मराठी मनुष्य एक म्हणजे पूर्ण आणि त्यात पाव उणा, हे अपूर्णांकाचे गणित कोणी न शिकविता बोलून जातो.

हीच जागा आता डळमळू लागली आहे. मोबाइलच्या पडद्यावर वेळ अंकांत उमटते. घरातील भिंतीवरचे घड्याळ बंद पडले तरी महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ मुले 'चार पंचेचाळीस' असेच म्हणतात, आणि आजीने पावणेपाचला बोलाविले तर ते पावणेसहा आहेत की पावणेचार अशा घोटाळ्यात पडतात. हा प्रश्न केवळ मराठी मुलांचा नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमधील काही शाळांनी परीक्षागृहातील काट्यांची घड्याळे काढून तेथे डिजिटल घड्याळे लावल्याचे प्रसिद्ध झाले होते; विद्यार्थ्यांना काटे वाचता येत नाहीत व त्यामुळे ते गोंधळतात, असे कारण देण्यात आले.

ह्या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. आगगाडीच्या वेळापत्रकास अंकच योग्य. 'सोळा पंचेचाळीस' म्हटल्यावर सकाळ की संध्याकाळ हा संशय राहत नाही, आणि तबकडीवर हा संशय नेहमीच राहतो. शिवाय तबकडी ही मुलांवर एक प्रकारची सक्तीच आहे. तीनच्या आकड्यास लहान काट्यासाठी तीन म्हणावयाचे आणि मोठ्या काट्यासाठी पंधरा म्हणावयाचे, हा संकेत सहासात वर्षांच्या मुलास अन्यायाचाच वाटणार. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आण्विक घड्याळांच्या साहाय्याने देशाची प्रमाणवेळ राखली जाते, तेथे काट्यांना काहीच स्थान नाही. जे यंत्र अचूकपणात मागे पडले आणि शिकण्यासही अवघड, ते शाळेत का ठेवावे?

ह्याचे उत्तर परीक्षागृहातच मिळते. परीक्षार्थीस किती वाजले हे जाणून घ्यावयाचे नसते. किती वेळ उरला हे जाणून घ्यावयाचे असते. अंकांच्या घड्याळावर त्यास साठाच्या हिशेबाने वजाबाकी करावी लागते, तीही मन धास्तावलेले असताना. तबकडीवर उरलेला वेळ ही एक मोकळी जागा असते, आणि ती नजरेने मोजता येते. वेळेचा बिंदू सांगण्यात अंक श्रेष्ठ आहेत, पण वेळेची लांबी दाखविण्यास वर्तुळासारखे साधन नाही. मनुष्याच्या दैनंदिन व्यवहारात बिंदूपेक्षा लांबीचेच काम अधिक पडते. भात शिजावयास किती अवकाश आहे, बस यावयास किती उरले, हे प्रश्न अंतराचे प्रश्न आहेत. पेव्हिओ ह्यांच्या प्रयोगातील लोकांजवळ जी मनातील तबकडी होती, ती लहानपणी भिंतीवर घड्याळ पाहून तयार झालेली होती. ज्या मुलाने ते पाहिलेच नाही, त्याच्याजवळ ती कोठून येणार?

म्हणून तबकडी शाळेत राहिली पाहिजे, परंतु शिकविण्याचा क्रम बदलला पाहिजे. आज मुलास पहिल्याच धड्यात दोन्ही काटे व साठ मिनिटे ह्यांस तोंड द्यावे लागते. इतिहासात असे घडले नव्हते. युरोपातील आरंभीच्या मनोऱ्यांवरील घड्याळांना बहुधा एकच काटा असे. १६५६ मध्ये हॉयगेन्स ह्यांनी लंबकाचे घड्याळ सिद्ध केल्यानंतरच मिनिटकाट्यास खरा अर्थ आला. शाळेतही प्रथम पुठ्ठ्याच्या तबकडीवर तासकाटा एकटाच असावा. तो चार आणि पाच ह्यांच्या मध्ये आला की साडेचार, चारच्या थोडा पुढे गेला की सव्वाचार, पाचाच्या थोडा मागे राहिला की पावणेपाच. मिनिट हा शब्द न उच्चारता मुलास दिवसाच्या बहुतेक वेळा सांगता येतील, आणि त्याच वेळी पाव, अर्धा व पाऊण ह्यांची ओळखही होईल. मिनिटकाटा हा नंतर बारकावा म्हणून यावा. तो एका मिनिटात सहा अंश सरकतो आणि तासकाटा अर्धाच अंश, हे तर वरच्या इयत्तेतील भूमितीचे सुंदर उदाहरण होय.

दुसरी सूचना द्विभाषिक प्रदेशांसाठी आहे, आणि ती म्हैसूरप्रमाणेच बेळगाव, सोलापूर, अक्कलकोट येथील शाळांनाही लागू पडते. अशा वर्गात मराठी व कानडी अशी दोन्ही मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. शिक्षकाने काटे पावणेपाचवर लावावेत आणि दोघांना आपापल्या घरी काय म्हणतात ते सांगावयास लावावे. मग तबकडीचा कोणता भाग पहिल्याने मोजला आणि कोणता दुसऱ्याने, हे दोघांनी फळ्यावर रंगवून दाखवावे. एक मूल वर्तुळाचा एक पाव रंगवील, दुसरे तीन पाव रंगवील. दोन्ही मिळून वर्तुळ पुरे होईल, आणि एकात एक चतुर्थांश उणा म्हणजेच तीन चतुर्थांश ही गोष्ट सूत्रावाचून मुलांच्या पदरात पडेल.

म्हैसूरमधील शिक्षकांना ह्यासाठी पुठ्ठ्याचीही गरज नाही. वर्ग दोड्ड गडियारासमोर नेऊन उभा केला की पुरे. तेथे मराठी मुलास आकड्यांचा आधार मिळणार नाही. त्यास काट्यांकडेच पाहावे लागेल.